कृत्रिम वृषण बसवावा का? आधी दुसऱ्या बाजूचं बोलू

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: वय २७, राहायला सातपूरला, कंपनीत नोकरी. आठवीत असताना डाव्या वृषणाला पीळ पडला, ऑपरेशन होईपर्यंत उशीर झाला होता, म्हणून तो काढून टाकावा लागला. आता घरी स्थळं बघणं सुरू आहे. डावी बाजू रिकामी दिसते, जिममध्ये आणि पोहायच्या तलावावर कपडे बदलताना अवघडल्यासारखं होतं. सिलिकॉनची गोटी बसवून मिळते असं कळलं. ती बसवावी का, धोका किती, मूल होण्यात अडचण येईल का, आणि लग्नानंतर बायकोला कळेल का?

मी नाशिकमध्ये बरीच वर्षं युरोलॉजिस्ट म्हणून काम करतोय. हा प्रश्न घेऊन येणारे तरुण बहुतेक एकटेच येतात, संध्याकाळच्या ओपीडीत शेवटचा नंबर घेतात आणि सुरुवात मूतखड्याबद्दल काहीतरी विचारून करतात. उत्तर सरळ आहे. बसवता येतं, ऑपरेशन लहान आहे, आणि तुम्हाला स्वतःला हवं असेल तर बसवून घ्यायला हरकत नाही. पण तुमच्या एवढ्या प्रश्नांत उजव्या वृषणाचं नावही नाही, आणि माझं लक्ष पहिल्यांदा तिकडेच जातं. रिकाम्या जागेत काय घालायचं ते निवांत ठरवा. जो एक शिल्लक आहे तो सुरक्षित आहे का, हे मात्र या आठवड्यातच बघून घ्या.

पीळ पडतो तो वृषणाच्या जन्मजात ठेवणीमुळे. एरवी वृषणाचा मागचा भाग पिशवीला आतून चिकटलेला असतो. काही मुलांत ते चिकटणं अपुरं राहतं आणि वृषण घंटेच्या लोलकासारखा आत मोकळा लोंबत राहतो. मग झोपेत, खेळताना किंवा थंडीने स्नायू आखडला की तो स्वतःभोवती फिरतो, रक्तवाहिन्या पिळल्या जातात आणि रक्तपुरवठा बंद पडतो. ही ठेवण बहुतेक वेळा दोन्हीकडे असते. म्हणून एका बाजूला पीळ पडला की दुसऱ्या बाजूचा वृषणही त्याच ऑपरेशनमध्ये टाके घालून आतून पक्का करून टाकायचा असतो. याला ऑर्किडोपेक्सी म्हणतात. तुमच्या वेळी ते केलं होतं का? अपरात्री घाईत झालेल्या ऑपरेशनात हे राहून गेलेलं मी पाहिलं आहे. आईने जुनी फाईल जपून ठेवली असेल तर डिस्चार्ज कार्डावर उजव्या बाजूबद्दल एखादी ओळ सापडते का बघा. कार्ड नसेल तरी तपासणीत बराच अंदाज येतो: पिशवीवर जुना व्रण कुठे आहे, उभं राहिल्यावर वृषण आडवा लोंबतो का, हाताला किती सैल लागतो. शंका उरली तर उजवा पक्का करून घ्यावा, असंच मी सांगेन. डावीकडे इम्प्लांट बसवायचं ठरलं तर दोन्ही कामं एकाच भुलीत होतात.

तोपर्यंत एवढं लक्षात ठेवा: उजवीकडे अचानक जोराची कळ आली, मळमळलं, ओटीपोटातही दुखायला लागलं, तर ६ तासांच्या आत ऑपरेशन व्हायला हवं. त्या वेळेत पीळ सोडवला तर दहातले नऊ वृषण वाचतात. २४ तास उलटले की फारसं काही हाती लागत नाही. सोनोग्राफीचा नंबर उद्या सकाळी आहे म्हणून कोणी थांबायला सांगितलं, तर थांबू नका. लक्षणं ठळक असली की सर्जन थेट उघडून बघतो.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण हे वाचणाऱ्यांत मुलग्यांचे आईबापही असतील. पीळ पडायचं वय म्हणजे साधारण १२ ते १८. या वयात मुलगा आईला 'पोट दुखतंय' एवढंच सांगतो, नेमकं कुठे ते सांगत नाही. आई ओवा देते, मेडिकलवाला गोळी देतो, रात्र निघून जाते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या वरच्या पाड्यांवरून नाशिकला यायचं तर सकाळची गाडी मिळाल्यावरच मुलगा निघतो. तोवर वृषण काळा पडलेला असतो. पण उशीर फक्त पाड्यांवरच होतो असं नाही. गंगापूर रोडच्या बंगल्यातला मुलगाही लाजेने तितकाच उशीर करतो. मुलाचं पोट अचानक दुखायला लागलं तर त्याची चड्डी उतरवून बघायला बापाने लाजू नये.

आता मूल होण्याबद्दल. निरोगी असेल तर एक वृषण पुरतो. पुरुषी संप्रेरक म्हणजे टेस्टोस्टेरॉन पुरेसं बनतं, दाढीमिशी, ताकद, लैंगिक इच्छा, ताठरता यांत फरक पडत नाही, आणि बहुतेकांना मुलंही विनासायास होतात. पण 'बहुतेकांना' या शब्दावर विसंबून राहण्यापेक्षा वीर्यतपासणी करून घ्या. २ ते ७ दिवस वीर्यस्खलन टाळून नमुना द्यायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांप्रमाणे दर मिलीलिटरला १.६ कोटी शुक्रजंतू आणि एकूण हालचाल ४२ टक्के ही खालची मर्यादा धरली जाते. आकडा त्याखाली आला म्हणजे मूल होणार नाही असा अर्थ होत नाही. एक रिपोर्ट खराब आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करायचा. गेल्या दोन-तीन महिन्यांत आलेला मोठा ताप, टायफॉइड, डेंग्यू या सगळ्याचा त्यावर परिणाम होतो. टेस्टोस्टेरॉनची रक्ततपासणी सकाळी १० च्या आत द्या, दुपारनंतर पातळी उतरते.

तुम्ही जिमला जाता म्हणून एक ताकीद देऊन ठेवतो. तिथे कोणी 'एकच आहे ना, मग टेस्टो घे, भर पडेल' असं म्हणालं तर त्याच्या नादाला लागू नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, आणि तो वृषणाला काम बंद करायला सांगतो. शुक्रजंतू घटतात, कधी शून्यावर जातात, वृषणही आकसतो. दोन वृषण असलेल्यालाही हे परवडत नाही, तुम्हाला तर नाहीच. दोन्ही वृषण गेलेल्या माणसाला हे औषध लागतं, ती वेगळी गोष्ट. तिथेही रक्तातलं हिमोग्लोबिन आणि वय जास्त असेल तर पीएसए म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी करत राहावं लागतं.

महिन्यातून एकदा कोमट पाण्याने अंघोळ झाल्यावर उजवा वृषण बोटांत धरून चाचपून बघायची सवय लावा. वर-मागे मऊ दोरीसारखा भाग लागतो, तो नैसर्गिक आहे. वृषणाच्या अंगातच कडक, न दुखणारी गाठ लागली तर लगेच दाखवा. वृषणाचा कर्करोग तरुणपणातच जास्त दिसतो, आणि वेळेत सापडला तर जवळजवळ नेहमीच बरा होतो.

आता इम्प्लांट. हे काही नवं खूळ नाही. वैद्यकीय नियतकालिकात याची पहिली नोंद १९४१ ची आहे. तेव्हा व्हायटॅलियम नावाच्या मिश्रधातूचा गोळा बसवला होता. नंतर काच, ॲक्रिलिक, पॉलिथिलीन असं बरंच काही वापरून झालं. धातू आणि काच खिशात घालून हिंडल्यासारखं किती जड आणि टणक वाटत असेल याची कल्पना करा. सिलिकॉन आल्यावर स्पर्श जरा माणसासारखा झाला. १९९२ मध्ये अमेरिकेत सिलिकॉन जेलच्या स्तनरोपणांवर निर्बंध आले, त्या वादळात जेल भरलेले कृत्रिम वृषणही तिथल्या बाजारातून गेले. त्यानंतर २००२ मध्ये सलाईन भरलेल्या वृषणाला तिथे परवानगी मिळाली. सिलिकॉनमुळे संधिवातासारखे आजार होतात ही तेव्हाची भीती होती. १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सगळे पुरावे तपासले, त्यात तसा संबंध सापडला नाही. आणि हो, कुत्र्यांचं खच्चीकरण केल्यावर त्यांना बसवायचे कृत्रिम वृषणही अमेरिकेत मिळतात. त्याच्या शोधकर्त्याला २००५ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं गमतीचं पारितोषिक, मिळालं. कुत्र्याला त्याचं काय सुख, हे मालकालाच माहीत.

आपल्याकडे दोन प्रकार मिळतात. एक, मऊ सिलिकॉनचा भरीव गोळा. भारतीय बनावटीचाही मिळतो आणि स्वस्त पडतो. दुसरा, सिलिकॉनच्या पातळ कवचात ऑपरेशनच्या वेळी सलाईन भरायचं. हा बाहेरून येतो आणि कितीतरी पट महाग असतो. सलाईनवाला फुटलाच तर साधं मिठाचं पाणी शरीरात शोषलं जातं, त्याने अपाय होत नाही, फक्त गोळा बसतो आणि बदलावा लागतो. भरीव फुटत नाही, पण थोडा टणक लागतो. माझं मत विचाराल तर डिस्चार्ज कार्डावर कुठल्या कंपनीच्या गोळ्याचं नाव येणार यापेक्षा योग्य माप आणि योग्य जागा या दोन गोष्टींनी समाधान ठरतं. बसवून घेतलेले बहुतेक जण खूश असतात. जे नाराज असतात त्यांची तक्रार ठरलेली असते: फार कडक आहे, फार वर बसला आहे, किंवा लहान आहे.

म्हणून अपेक्षा आधीच नीट करून घ्या. हा गोळा शुक्रजंतू बनवत नाही, संप्रेरक बनवत नाही, त्याला संवेदना नाही. तो खऱ्यापेक्षा थोडा घट्ट लागणार. खरा वृषण थंडीत वर सरकतो आणि उकाड्यात खाली येतो, कारण त्याला धरणारा स्नायू काम करत असतो. कृत्रिम वृषणाला तो स्नायू नाही. निफाडचा पारा उतरला की तुमचा उजवा वर चढेल आणि डावा आहे तिथेच लोंबत राहील. आणि निसर्गतःच बहुतेक पुरुषांचा डावा उजव्यापेक्षा थोडा खाली असतो, तेव्हा आरशात फूटपट्टी लावून दोन्ही एका रेषेत आहेत का हे बघायच्या भानगडीत पडू नका.

मापाचं तुमच्या बाबतीत जास्त महत्त्व आहे. उजव्या वृषणाचं आकारमान सोनोग्राफीने किंवा चढत्या मापांच्या मण्यांच्या माळेशी ताडून मोजतो (मोठ्या माणसात ते साधारण १५ ते २५ मिलीलिटर असतं) आणि त्याला जुळेल असा गोळा निवडतो. अडचण अशी की तुमची डावी पिशवी आठवीपासून रिकामी आहे. वयात येताना ती बाजू ताणली गेलीच नाही, कातडी आकसलेली आहे, आत जुन्या ऑपरेशनचा व्रण आहे. तिथे पूर्ण मापाचा गोळा बळेच कोंबला तर कातडीवर ताण येतो आणि ती मधोमध झिजून गोळा बाहेर येऊ शकतो. त्यामुळे एक माप लहान घ्यावं लागलं तर नाराज होऊ नका. काहींना आधी लहान आणि वर्षभराने, कातडी सैल झाल्यावर, मोठा असं दोन टप्प्यांत करावं लागतं. 'एकदाच काय तो मोठा टाका डॉक्टर' हा आग्रह सर्वांत महागात पडतो.

ऑपरेशन कमरेतून भूल देऊन होतं, तासाभराचं काम असतं, बहुतेक वेळा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी घरी जाता येतं. चीर शक्यतो जांघेत घ्यायची, पिशवीवर नाही, कारण गोळ्याच्या अगदी वर टाके आले तर जखम उघडून तो बाहेर यायचा धोका वाढतो. जांघेतून बोटाने पिशवीच्या तळापर्यंत जागा मोकळी करायची, गोळा खाली बसवायचा, त्याच्या शेंड्याला असलेल्या छोट्या पट्टीतून टाका घेऊन तळाशी बांधायचा आणि वरच्या तोंडाशी एक टाका घालून वाट अरुंद करायची, म्हणजे तो वर सरकत नाही. गोळा उघडल्यावर त्याला शक्य तितका कमी हात लावायचा. जंतू एकदा त्याच्या पृष्ठभागावर बसले की अँटिबायोटिकला दाद देत नाहीत.

म्हणूनच तयारीत मी सर्वांत जास्त कटकट कातडीवरून करतो. आमच्याकडे सातपूर-अंबडच्या कंपन्यांत आठ-आठ तास जाड पँट घालून उभ्या राहणाऱ्या मुलांच्या जांघेत गजकर्ण असतंच असतं. त्यावर मेडिकलमधून घेतलेली स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब वर्षानुवर्षं लावून कातडी पातळ झालेली असते. अशा जागी मी चीर घेत नाही. आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवतो, ती ट्यूब बंद करवतो, गजकर्ण पूर्ण जाऊ देतो, मग महिना-दीड महिना थांबून तारीख देतो. लघवीत जंतुसंसर्ग नको, साखर ताब्यात हवी, दाताला गळू नको. आणि आदल्या रात्री घरी वस्तऱ्याने किंवा ब्लेडने केस काढून येऊ नका. बारीक कापांतून जंतू आत जातात. केस आम्ही ऑपरेशनच्या वेळी क्लिपरने काढतो.

नंतरचं फारसं अवघड नाही. पहिले दोन दिवस आराम, सूज आणि थोडं काळंनिळं पडणं नैसर्गिक. मेडिकलमध्ये मिळणारा स्क्रोटल सपोर्ट, म्हणजे पिशवीला आधार देणारा पट्टा, काही आठवडे वापरायचा. तालमीत गेलेले लोक लंगोट बांधू का म्हणून विचारतात. कसून बांधलेला लंगोट गोळ्याला वर ढकलतो, म्हणून सुरुवातीला नको. बसून काम असेल तर आठवड्याने कामावर जाता येतं, उभं राहून वजन उचलायचं असेल तर चार ते सहा आठवडे थांबा. जिम, सायकल, लैंगिक संबंध यांनाही तेवढाच अवकाश द्या, आणि मोटारसायकलची घाई करू नका. शहरातल्या खड्ड्यांतून बाइकवर बसलात तर माझे टाके आणि तुमचा जीव दोन्ही कळवळतील. पोहणं किंवा रामकुंडात डुबकी जखम पूर्ण भरल्याशिवाय नाही.

धोके लपवत नाही. जंतुसंसर्ग, रक्ताची गाठ, गोळा वर सरकणं, दुखत राहणं, कातडी झिजून गोळा बाहेर येणं हे सगळं होऊ शकतं. जुन्या मोठ्या पाहण्यांत बाहेर येण्याचं प्रमाण ३ ते ८ टक्के दिलेलं आहे. आताच्या पद्धतीत, जांघेतून चीर घेतल्यावर, ते कमी दिसतं. संसर्ग झाला तर बहुतेक वेळा गोळा काढावाच लागतो आणि पुन्हा बसवायला निदान सहा महिने थांबावं लागतं. पिशवी लाल, गरम, दुखरी झाली किंवा जखमेतून पाणी यायला लागलं तर त्याच दिवशी या. फोनवर फोटो पाठवून गोळ्या मागू नका.

एक गोष्ट फार कोणी सांगत नाही. सोनोग्राफीत सलाईनचा गोळा पाणी भरलेल्या गाठीसारखा दिसतो. दहा वर्षांनी दुसऱ्या गावी कुठल्या डॉक्टरने त्याला अंडवृद्धी समजून सुई घातली तर तो फुटलाच म्हणून समजा. म्हणून गोळ्याच्या खोक्यावरचा नंबर असलेला स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि तपासणाऱ्याला आधी सांगा. एमआरआयला याची अडचण नाही, विमानतळावरच्या मेटल डिटेक्टरलाही नाही.

सगळ्यांनाच मी हे करत नाही. दोन्ही वृषण निरोगी असताना 'मोठे दिसायला हवेत' म्हणून येणारेही असतात. परदेशात काही दवाखाने तसं करतातही. मी त्याला हात लावत नाही. चालू असलेल्या खऱ्या वृषणाशेजारी परकी वस्तू ठेवून त्याचा रक्तपुरवठा धोक्यात घालायचा, तोही कुणाच्या लक्षात न येणाऱ्या फरकासाठी, हे मला पटत नाही. वयात न आलेल्या मुलांनाही घाई नको. मूल वाढतं, गोळा वाढत नाही. कर्करोगामुळे वृषण काढायचा असेल तर मात्र हा विषय ऑपरेशनच्या आधीच काढायला हवा, कारण जांघेतल्या त्याच चिरेतून, त्याच वेळी गोळा बसवता येतो. तिथे गोळ्याआधी शुक्रजंतू साठवून ठेवण्याचं बोलायचं, आणि केमोथेरपी लगेच द्यायची असेल तर ऑन्कॉलॉजिस्टला विचारूनच ठरवायचं. पुष्कळ पेशंटना इम्प्लांट मिळतं हेच कोणी सांगितलेलं नसतं. नको असेल तर नको म्हणतील, पण विचारायला तर हवं.

भरतीची तयारी करणारी मुलंही येतात. नाशिक रोडला तोफखान्याचं केंद्र, त्र्यंबक रोडला पोलीस अकादमी, त्यामुळे पहाटे पळणारी पोरं इथे काही कमी नाहीत. त्यांना वाटतं गोळा बसवला की मेडिकलमध्ये पास होऊ. हे डोक्यातून काढा. तपासणाऱ्या डॉक्टरच्या हाताला फरक कळतो, व्रण दिसतो, आणि लपवलेलं उघड झालं तर साध्या गोष्टीची फसवणूक होते. एक वृषण नसणं हे प्रत्येक भरतीत अपात्रतेचं कारण नसतं. त्या त्या जाहिरातीतले वैद्यकीय नियम वाचा आणि खरं ते सांगा.

आता लग्न. तुम्ही विचारलंत, बायकोला कळेल का. बघून कदाचित कळणार नाही. हाताला कळेल, आज नाही तर वर्षाने. आणि जांघेतला व्रण आहेच. पण मला हा प्रश्नच उलटा वाटतो. तुम्हाला आरशात बरं वाटावं, पोहायला मोकळेपणाने जाता यावं म्हणून बसवणार असाल तर खुशाल बसवा, मी आनंदाने करेन. तिच्यापासून लपवायला बसवणार असाल तर पैसे वाचवा. जे सांगायला दोन मिनिटं लागतात ते लपवण्यासाठी कातडीखाली सिलिकॉन घालून घ्यायचं, आणि मग आयुष्यभर तिच्या हाताला घाबरायचं, हा सौदा वाईट आहे.

सांगायचं कधी, तर पसंती झाल्यावर आणि साखरपुड्याआधी. सांगायचं तुम्ही स्वतः, तिला एकटीला. मध्यस्थाकरवी नाही, मामांकरवी तर मुळीच नाही. कांदेपोह्यांच्या पहिल्या भेटीत सांगायची गरज नाही. सरळ वाक्य पुरे: 'लहानपणी माझं एक ऑपरेशन झालं, एका बाजूचा वृषण काढावा लागला. दुसरा चांगला आहे, तपासणी केली आहे, डॉक्टरांनी मूल व्हायला अडचण नाही असं सांगितलं आहे. तुला काही विचारायचं असेल तर आपण दोघं त्यांना भेटू.' म्हणून म्हटलं, वीर्यतपासणी आधी करा. हे वाक्य बोलताना हातात रिपोर्ट असला की आवाज स्थिर राहतो. अशी बरीच जोडपी माझ्यासमोर बसली आहेत. मुलींचा प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो, याचा आता त्रास होतो का. दिसण्याबद्दल विचारलेलं मला फारसं आठवत नाही. क्वचित एखादं स्थळ मोडतंही. वाईट वाटतं, पण जिथे हे ऐकून मोडतं तिथे ते नंतर कळल्यावर कसं निभावलं असतं?

काही वेळा मुलाचे वडील मागून येतात आणि 'सगळं नॉर्मल आहे' असं पत्र मागतात. तसं पत्र मी देत नाही. एक वृषण आहे, तो निरोगी आहे, संप्रेरक आणि वीर्यतपासणी अशी अशी आहे, असं खरं पत्र मुलाने मागितलं तर आनंदाने देतो.

नाशिकमध्ये होतं का? होतं. यासाठी मुंबईला जायची गरज नाही. नियमित काम करणारा कुठलाही युरोलॉजिस्ट हे करू शकतो, काही प्लास्टिक सर्जनही करतात. गोळे मात्र बहुतेक ठिकाणी मागवून घ्यावे लागतात, तेव्हा ऑपरेशनच्या दिवशी दोन-तीन मापं हजर असतील ना, हे आधी विचारा. एकच माप मागवलेलं असेल तर टेबलवर तेच बसवलं जातं. उजव्या बाजूची तपासणी आणि सोनोग्राफी सरकारी जिल्हा रुग्णालयातही होते, त्यासाठी खाजगीत यायलाच हवं असं नाही.

खर्चाचं अंदाजपत्रक लेखी घ्या आणि त्यात गोळ्याची किंमत, भूल, रूम हे वेगळं लिहून मागा, कारण सगळा फरक गोळ्यात असतो. विम्याचं म्हणाल तर आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटींमध्ये सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेली आहे. अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला त्यातून सूट आहे. पिळामुळे गेलेला वृषण त्यात सहज बसत नाही, त्यामुळे गोळ्याचे पैसे स्वतःच्या खिशातून जातील असं धरून चला. उजवा पक्का करणं हा मात्र उपचार आहे. दोन्ही एकाच वेळी केलं तर त्या भागाचं बिल वेगळं करून घेऊन दावा करता येतो, फक्त आधी विमा कंपनीकडून लेखी मंजुरी घ्या. आणि डॉक्टरला कागदावर 'हर्निया' लिहायला सांगू नका. हे दर महिन्याला कोणीतरी सुचवतंच. दावा नाकारला जातो तो जातोच, आणि पुढे खरोखर हर्निया झाला तर तो सिद्ध करताना नाकी नऊ येतात.